एकट्या गिनी फाउलला जोडीदार आणताना

एकट्या राहिलेल्या गिनी फाउलसाठी जोडीदार शोधायला निघण्यापूर्वी आपल्याकडचा पक्षी नर आहे की मादी, हे निश्चित करावे लागते, आणि हे काम डोळ्यांपेक्षा कानांचे आहे. कोंबडा आणि कोंबडी लांबूनही ओळखू येतात. गिनी फाउलमध्ये मात्र नर-मादीची पिसे, रंग आणि बांधा जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे वर्षभर ‘तो’ म्हणून सांभाळलेला पक्षी एके सकाळी अंडे घालून मोकळा होतो आणि मालकाला त्याचे नाव बदलावे लागते, असे पुष्कळदा घडते.

मादीची ओळखीची हाक दोन तुकड्यांची असते: पहिला तुकडा आखूड, दुसरा वर चढत जाणारा. ‘बक-वीट, बक-वीट’ अशी ती ऐकू येते, आणि सोबत्यांपासून तुटलेली मादी ही हाक ऐकणाऱ्याला खरोखरच वीट येईपर्यंत देत राहते. नर ही दोन तुकड्यांची हाक देत नाही. तो ‘ची-ची-ची-ची’ असा एकाच सुरातला, शिलाई यंत्रासारखा सलग आवाज काढतो. घोटाळा होतो तो यापुढे, कारण घाबरलेली किंवा चिडलेली मादीसुद्धा हा एकसुरी आवाज काढते. म्हणजे दोन तुकड्यांची हाक एकदा जरी स्पष्ट ऐकू आली तरी पक्षी मादी आहे असे समजावे. एकसुरी आवाज मात्र दहा वेळा ऐकला तरी तेवढ्यावरून तो नर ठरत नाही. यासाठी आठ-दहा दिवस सकाळच्या वेळी फोनवर आवाज मुद्रित करून शांतपणे ऐकावेत. ही हाक साधारण ६ ते ८ आठवडे वयाच्या पुढे सुरू होते. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात चोचीच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या मांसल पाळ्या पाहाव्यात: नराच्या मोठ्या, जाड आणि बाहेर वळलेल्या वाटीसारख्या असतात, तर मादीच्या लहान आणि सपाट असतात. डोक्यावरचा हाडासारखा टोपही नराचा बहुधा मोठा असतो. तरीही शंका उरलीच, तर पिसाच्या नमुन्यावरून डीएनए चाचणी करून घेता येते.

विक्रेत्याने ‘ही मादीच आहे’ असे सांगितले, तरी पक्षी पसंत करताना त्याला कळपापासून पाच-दहा मिनिटे वेगळे ठेवायला सांगावे. एकटी पडलेली मादी बहुतेक वेळा लगेच हाक देऊ लागते आणि प्रश्न तिथेच मिटतो.

एक आणावा की दोन?

गिनी फाउल हा मूळचा आफ्रिकेतला पक्षी आहे. रानात तो वर्षाचा मोठा काळ कळपाने चरतो, रात्री कळपानेच झाडावर बसतो आणि विणीच्या हंगामापुरता जोड्यांमध्ये विभागला जातो. आपल्या अंगणातल्या एकट्या पक्ष्याला कमी पडलेली असते ती आधी सोबत आणि मग जोडी. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. सोबत नसलेला गिनी फाउल ती कुठेतरी शोधतोच. तो कोंबड्यांमागे फिरतो, मालकाच्या पायांशी घोटाळतो किंवा काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबासमोर तासन्‌तास उभा राहतो. माझ्याकडचा नर उभ्या गाडीच्या चकचकीत बंपरसमोर ठाण मांडत असे. गाडी हलवली की तिच्या मागे काही अंतर धावत जाई आणि ती दिसेनाशी झाली की फाटकापाशी परत येऊन ओरडत राही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जागा आणि खर्च झेपत असेल तर एक पक्षी न आणता दोन आणावेत, आणि ते दोघे आधीपासून एकमेकांना ओळखणारे असावेत. जुना पक्षी नर असेल तर दोन माद्या आणाव्यात. जुनी मादी असेल तर एक नर आणि एक मादी आणावी. याचे कारण व्यवहारी आहे. जुना पक्षी सुरुवातीला दांडगाई करणारच, आणि ती दोघांत विभागली गेली की एकावर पडणारा ताण निम्मा होतो. शिवाय नव्या पक्ष्यांना एकमेकांचा आधार असतो, आणि पुढे कधी एक दगावला तर उरलेला पुन्हा एकटा पडत नाही. पाळीव गिनी फाउलमध्ये एका नराबरोबर चार-पाच माद्या सहज राहतात, त्यामुळे दोन माद्यांची अडचण होत नाही. लहानशा खुराड्यात एका मादीबरोबर दोन नर ठेवणे मात्र टाळावे, कारण विणीच्या हंगामात हे दोघे एकमेकांना चैन पडू देत नाहीत. पिल्ले नको असतील तर दोन माद्यांची सोबतही उत्तम जमते.

नवा पक्षी वयाने फार लहान नसावा. पिल्लू किंवा अर्धवट वाढलेला पक्षी मोठ्या गिनी फाउलच्या हाती देणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. अंगाने जुन्या पक्ष्याच्या बरोबरीचा, साधारण चार-पाच महिन्यांपासून वर्षभराच्या वयाचा पक्षी मला सर्वात सोयीचा वाटतो. पिल्ले काढायचा विचार असेल तर तो जुन्या पक्ष्याचा सख्खा भावंड नसावा, एवढे पाहावे.

हंगामाचाही विचार करावा. दिवस मोठे होऊ लागले की गिनी फाउलची वीण सुरू होते आणि याच काळात नर सर्वात भांडखोर असतात. विणीचा हंगाम सरल्यावरचा काळ त्यामुळे ओळख करून द्यायला अनुकूल असतो. मात्र एकट्या पक्ष्याने खाणे कमी केले असेल किंवा तो दिवसभर ओरडत असेल, तर हंगाम संपण्याची वाट पाहत सहा महिने काढणे योग्य नाही. अशा वेळी पक्षी आणावा आणि जाळीआडचा काळ, ज्याचे वर्णन पुढे येईल, दुप्पट करावा.

पहिले ३० दिवस: वेगळे खुराडे

नवा पक्षी कितीही ठणठणीत दिसला तरी त्याला पहिले ३० दिवस वेगळे ठेवावे. वेगळे म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यात नाही. हवा, पाणी, गादीचा भुसा आणि भांडी यांपैकी काहीही सामाईक नसेल इतके दूर. रोजची कामे करताना आधी जुन्या पक्ष्याचे आणि मग नव्याचे करावे, नव्याकडून परतताना हात धुवावेत आणि त्या भागासाठी चपलांचा निराळा जोड ठेवावा. हा नियम कंटाळवाणा आहे आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तो मोडण्याचा मोह हमखास होतो. पण आजाराची लागण झालेला पक्षी सुरुवातीचे काही दिवस पूर्णपणे निरोगी दिसू शकतो, आणि नंतर हळहळण्यापेक्षा महिनाभर चपला बदलणे सोपे असते.

या काळात डोळ्यांत फेस, नाकपुड्यांतून स्राव, श्वासाची घरघर किंवा तोंड उघडून धाप लागणे यांकडे लक्ष ठेवावे. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसे बाजूला सारून उवा आणि माइट तपासावेत. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. ते सुरीच्या पात्यासारखे टोकदार लागत असेल तर पक्षी खंगलेला आहे. विष्ठेचा ताजा नमुना पशुवैद्यांकडून तपासून घ्यावा आणि जंतनाशक त्यांच्याच सल्ल्याने, वजनाप्रमाणे द्यावे. विष्ठेत रक्त दिसल्यास रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची शंका घ्यावी. गंधकासारखी पिवळी विष्ठा हे हिस्टोमोनिॲसिसचे लक्षण असू शकते. हा आजार कोंबड्यांच्या आंधळ्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांमधून पसरतो, आणि कोंबडी स्वतः धडधाकट राहूनही तो पसरवू शकते. म्हणूनच कोंबड्यांच्या कळपातून आलेल्या गिनी फाउलच्या बाबतीत विष्ठेची तपासणी टाळू नये. लसीकरणाचे वेळापत्रकही पशुवैद्यांनाच विचारावे.

पक्षी हाताळताना पायांना धरू नये. कोंबडीला पायांनी उचलण्याची सवय असलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो, पण गिनी फाउलचे पाय नाजूक असतात आणि तडफडीत सहज दुखावतात. अंधुक उजेडात, दोन्ही पंख अंगाशी दाबून, पूर्ण शरीर दोन्ही हातांत घ्यावे. पकडताना मूठभर पिसे हातात राहिली तर घाबरून जाऊ नये. शिकाऱ्याच्या तावडीतून निसटण्यासाठी गिनी फाउल भीतीने पिसे सोडून देतो आणि ती पुन्हा उगवतात.

नजरेआड असले तरी दोन्ही पक्षी एकमेकांचे आवाज ऐकत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हाकेला हाक मिळू लागते, आणि ओळखीची खरी सुरुवात तिथूनच होते.

जाळीआडचे तीन आठवडे

महिना निर्धोक गेला की नव्या पक्ष्याला जुन्याच्या शेजारी आणावे, पण मध्ये जाळी असावी. संपूर्ण प्रक्रियेत मी सर्वाधिक भर या टप्प्यावर देतो, कारण समोरासमोरच्या भेटीत बिघडलेली बहुतेक प्रकरणे प्रत्यक्षात येथे घाई केल्यामुळे बिघडलेली असतात. किमान दोन आठवडे तरी जाळी ठेवावी. मी स्वतः तीन आठवडे ठेवतो, आणि माणसाच्या हातावर एकट्याने वाढलेल्या पक्ष्यासाठी त्याहूनही जास्त, कारण अशा पक्ष्याला समोरचा प्राणी आपल्याच जातीचा आहे हे उमगायला वेळ लागतो.

जाळीचे छिद्र सुमारे सव्वा सेंटिमीटरचे असावे. मोठ्या छिद्रातून पक्षी डोके घालतो आणि पलीकडून टाळूवर टोच बसते. जाळी जमिनीपासून छतापर्यंत घट्ट ताणलेली असावी, वरून उडून जाण्याइतकी फट राहू नये. रात्री बसायचे दांडे दोन्ही बाजूंना जाळीला लागून आणि एकाच उंचीवर बांधावेत. एक दांडा वर आणि दुसरा खाली असेल तर खालच्या दांड्यावरचा पक्षी रोज रात्री कमीपणा घेऊनच झोपतो. दाणे आणि पाण्याची भांडी आधी जाळीपासून लांब ठेवावीत आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडी जवळ सरकवत अखेरीस जाळीला टेकवावीत, म्हणजे दोघे एकमेकांसमोर, पण निर्धास्तपणे खाऊ लागतात. जुन्या पक्ष्याला प्रतिबिंबाची सवय लागली असेल, तर याच सुमारास आरसा काढून टाकावा आणि चकाकणारे पृष्ठभाग झाकावेत.

पहिल्या दिवशी काय दिसते ते सांगतो. जुना पक्षी मान ताठ करून जाळीपाशी येतो, पंख पाठीवर किंचित उचलून धरतो आणि पाठीला बाक देऊन स्वतःची एक बाजू समोरच्याला दाखवत आखूड पावले टाकतो. बाजूने पाहिले तर त्याचा आकार एकाएकी दीडपट झाल्यासारखा वाटतो. ही धमकी आहे. समोरचा पक्षी मागे हटला की जुना जाळीवर झडप घालतो, तारेवर चोच आपटतो, दोन फेऱ्या मारतो आणि मग अचानक काहीच न घडल्यासारखा जमीन टोचू लागतो. हे पहिले चार-पाच दिवस दिवसातून अनेकदा होते. आपण मध्ये पडू नये.

आठवडा झाला की दोघांच्या बाजू बदलाव्यात. जुन्या पक्ष्याला नव्याच्या जागेत आणि नव्याला जुन्याच्या जागेत दोन-तीन दिवस ठेवावे, आणि हे आणखी एक-दोनदा करावे. जागेवरचा हक्क हे दांडगाईचे मोठे कारण असते आणि अदलाबदलीने ‘माझी जागा’ ही सीमाच पुसट होत जाते.

पुढे जायची वेळ झाली हे ओळखण्याच्या माझ्या दोन खुणा आहेत. दुपारच्या वेळी दोघे जाळीच्या आपापल्या बाजूला, पण एकाच दिशेने टोचत सरकू लागतात. एक थांबला की दुसराही थांबतो, एकाने घार पाहून इशारा दिला की दुसरा त्याच क्षणी मान वर करतो. रात्री दोघेही जाळीच्या टोकाला, एकमेकांना जवळजवळ खेटून बसतात. सलग तीन-चार दिवस या दोन्ही गोष्टी दिसल्या की जाळी उघडण्याचा विचार करावा. त्यातली एकच दिसत असेल तर आणखी थांबावे.

जाळी उघडण्याचा दिवस

भेटीची जागा दोघांनाही थोडी परकी असावी. निराळी जागा नसेल तर त्याच खुराड्यातले दांडे, भांडी, आडोसे सगळे हलवून टाकावे. दोन-तीन पक्ष्यांसाठी दहा-बारा चौरस मीटर मोकळी आणि वरून जाळीने झाकलेली जागा असेल तर उत्तम. कोपरे ही खरी धोक्याची ठिकाणे असतात, कारण पळणारा पक्षी कोपऱ्यात शिरला की त्याला वळता येत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर फळी तिरकी लावून तो बुजवावा, आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी दोन्ही बाजूंनी उघडे असलेले आडोसे उभे करावेत; उभी पेटी, झाडाची फांदी, जुने दार, काहीही चालते. नजरेआड होता आले की पाठलाग बहुधा तिथेच संपतो. खाण्याची दोन आणि पाण्याची दोन भांडी एकमेकांपासून लांब ठेवावीत.

वेळ संध्याकाळची, अंधार पडण्याआधी तासभर असावी. या वेळी पक्ष्यांचे लक्ष खाण्याकडे आणि बसायच्या जागेकडे असते, आणि भांडण लांबले तरी अंधार ते थांबवतो. जमिनीवर बारीक दाणे विखरून टाकावेत, नव्या पक्ष्याला आधी आत सोडावे, मग जुन्याला. आपण आत एका बाजूला बसावे आणि हाताशी एक रुंद फळी ठेवावी. मध्ये पडायची वेळ आली तर ही फळी दोघांच्या मध्ये सरकवावी. भांडणाऱ्या पक्ष्यांत हात घालू नये. पहिली भेट वीस-तीस मिनिटांची पुरे. नंतर पुन्हा जाळी लावावी आणि पुढचे चार-पाच दिवस भेटीचा वेळ वाढवत न्यावा.

पाठलाग होईल, पाठीवरचे एखादे पीस उपटले जाईल, दाण्यांपासून हुसकावून लावले जाईल. हे सारे चालू द्यावे, कारण क्रम ठरल्याशिवाय गिनी फाउल एकत्र राहूच शकत नाहीत आणि आपण दर वेळी आड आलो तर हा क्रम ठरायचा राहून जातो. पण पळणारा पक्षी तोंड भिंतीत खुपसून निश्चल उभा राहिला, त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर सलग टोचा पडू लागल्या, किंवा कुठेही रक्त दिसले, तर त्याच क्षणी वेगळे करावे. रक्ताचा लाल रंग पक्ष्यांना टोचायला उद्युक्त करतो. जखम पूर्ण सुकल्याखेरीज पुन्हा एकत्र आणू नये. नवा पक्षी दिवसभर भांड्याजवळ फिरकत नसेल, तर रक्त नसले तरी ते किरकोळ समजू नये.

जुना पक्षी आठवडाभरानंतरही ऐकत नसेल, तर डाव उलटवावा: त्यालाच चार-पाच दिवस नजरेआड, दुसऱ्या ठिकाणी हलवावे आणि नव्यांना संपूर्ण खुराड्याचा ताबा द्यावा. परतल्यावर तोच पाहुणा ठरतो, आणि त्याचा तोरा बराच उतरलेला असतो. हा उपाय मी दोनदा केला आहे आणि दोन्ही वेळा जाळीच्या दुसऱ्या फेरीनंतर प्रश्न सुटला.

आतापर्यंत जुन्या पक्ष्याला सोबत देणारी एखादी कोंबडी असेल, तर जोडीदार आला म्हणून तिला लगेच दूर करू नये. नवी सोबत पक्की होईपर्यंत जुनी तुटली, तर पक्षी पुन्हा बिथरतो. जुना नर या कोंबडीच्या जवळ कोणाला फिरकू देत नसेल, तर भेटीच्या तासापुरती तिला बाजूला ठेवावी.

मोकळे सोडणे

दोघे एकाच दांड्यावर झोपू लागले तरी नव्या पक्ष्याला लगेच बाहेर सोडू नये. मोठेपणी आणलेला गिनी फाउल आपले जुने ठिकाण शोधत निघून जातो आणि बहुधा परत येत नाही. नव्या घरात एकूण किमान ६ आठवडे बंदिस्त राहिल्यानंतर, तेही संध्याकाळच्या खाण्याच्या थोडे आधी आणि एका वेळी एकालाच, सोडायला सुरुवात करावी. आत राहिलेला हाक देत राहतो आणि बाहेरचा त्या आवाजाच्या टप्प्याबाहेर सहसा जात नाही. दोघांना एकत्र सोडण्याआधी हे आठवडाभर करावे. खुराड्यात संध्याकाळी मंद दिवा ठेवावा, कारण गिनी फाउल अंधाऱ्या जागेत शिरायला बिचकतो आणि त्यापेक्षा झाडावर रात्र काढणे पसंत करतो.

अंडी लगेच अपेक्षू नयेत. वीण पुढच्या हंगामात होईल. मादी सोबत आहे की नाही याची खात्री करून नर खायला लागतो, दाणा सापडला की तिला हाक देऊन पुढे करतो, एवढे दिसले तरी जोडी जमते आहे असे समजावे. फलित अंडी उबायला २६ ते २८ दिवस लागतात, आणि मोकळी फिरणारी मादी घरटे उंच गवतात लपवते.

सोबत जुळली की नाही, हे शेवटी पुन्हा कानांनीच तपासावे. दोघांपैकी एकाला पाच मिनिटे नजरेआड न्यावे. मागे राहिलेला आपल्या दाण्यांत गर्क राहिला तर अजून वेळ द्यायला हवा. तो मान वर करून इकडे-तिकडे पाहू लागला, हाका देत कुंपणाशी धावला आणि दुसरा परत येताच गप्प होऊन टोचायला लागला, तर काम झाले. यापुढे एकाला पशुवैद्यांकडे न्यायचे असेल, तर दोघांना मावेल असाच पिंजरा घ्यावा.